माघारी फिरायची ओळ

अकरा वर्षं मी मुलींना गोफ शिकवला आणि गोफाची दोरी एकदाही स्वतःच्या हातात धरली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं. कंधारला मी शाळेत असताना आमच्या बाई गोफ बसवायच्या. माझा आवाज बरा म्हणून त्या मला बाहेर उभं करून गाणं म्हणायला लावायच्या. त्यामुळे मला गोफ येतो तो बाहेरून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते हेच.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उंचावर एक कडं टांगायचं, त्याला आठ दोऱ्या सोडायच्या. एकेका दोरीचं टोक एकेका मुलीच्या डाव्या हातात, उजव्या हातात टिपरी. चौघी उजवीकडून निघतात, चौघी डावीकडून; एकीच्या आतून जायचं, दुसरीच्या बाहेरून. गाणं चाललेलं असतं आणि वरून खाली दोऱ्यांची वेणी विणत येते. मग सगळ्यांनी उलटं फिरायचं, आल्या वाटेनं, की वेणी उकलून दोऱ्या पुन्हा मोकळ्या. एक जरी मुलगी फिरायची राहिली तरी गाठ बसते. कधी फिरायचं हे बाहेर उभा असलेला माणूस शिट्टी वाजवून सांगतो. ती शिट्टी माझ्या गळ्यात असायची. एक दिवस मी ती काढून कपाटात ठेवली. चांगलं केलं की वाईट, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

भूकंपाला दोन वर्षं होत आली होती, तेव्हा माझी बदली नायगावहून किल्लारीच्या बाजूच्या एका गावात झाली. जुनं गाव पडलेलं, नवं गाव माळावर वसवलेलं. सगळी घरं एकसारखी, सरळ रांगेत, दारावर नंबर. म्हातारी माणसं चुकून भलत्याच घरात शिरायची, आणि त्या घरातली माणसं त्यांना चहा पाजून परत पोचवायची. झाडं लावलेली होती, पण त्यांची सावली पडायला अजून अवकाश होता.

तिथल्या पोरांची एकच गोष्ट मला खटकली, आणि मी मुळात चिडकी असल्यामुळे फारच खटकली. जीपचा आवाज आला की वर्गातली पोरं कुणी न सांगता बाहेर जाऊन उंचीप्रमाणे ओळीत उभी राहायची. दोन वर्षं त्यांना कुणी ना कुणी ओळीत उभं केलं होतं. जेवणासाठी, कपड्यांसाठी, फोटोसाठी. त्यात त्यांची काय चूक? पण फळ्यावरचं उतरवून झाल्यावर ‘बाई, आता वही मिटू का?’ असं विचारणारी आठवीतली मुलगी समोर आली की माझं डोकं फिरायचं. ‘मिट की,’ असं मी म्हणायची. लगेच मागून आवाज यायचा, ‘आमी बी मिटू का?’

असं सगळ्यात जास्त विचारणारी मुलगीच वर्गात सगळ्यात हुशार होती. आई भूकंपात गेलेली. घरात ती आणि वडील. गणित तोंडी करायची, पण उत्तर सांगू का, हेही आधी विचारायची. या पोरीनं कुणाला न विचारता स्वतःचं काहीतरी ठरवावं, असं मी मनात घेतलं. मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. शिक्षकांना अशी एकेक खोड असते.

पहिला उपाय म्हणून मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आपले निर्णय आपण घ्यावेत.’ सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग तिनं हात वर करून विचारलं, “बाई, किती येळा लिहायचं?”

तेव्हा मला गोफ आठवला. शाळेच्या एका खोलीत मदतीत आलेल्या कपड्यांची गाठोडी पडून होती. झिरझिरीत साड्या, सुटाच्या पँटी, कुणाच्या तरी लग्नातले कोट. तुरीच्या रानात कोट घालून कोण जाणार? मुलींनी साड्या फाडून, पीळ देऊन आठ दोऱ्या केल्या. किल्लारीच्या सायकल दुकानातल्या चाचांनी एक जुनी रिम दिली. देताना त्यांनी विचारलं, “इसकू घुमाएगा कौन, बाई?” मला तो प्रश्न फार आवडला. पत्र्याच्या शेडचा एक लोखंडी पाइप मैदानात उरला होता, त्याला आडवा दांडा लावून रिम टांगली, आणि मी शिट्टी कपाटात ठेवून दिली.

मुलींना मी नियम सांगितला. गाण्यात शेवटी एक ओळ आहे, ‘उन्हं कलली गं, घरला फिरा.’ जिला वाटेल की आता फिरावं, तिनं ती ओळ धरायची. तिनं धरली की बाकीच्यांनी एक शब्द न बोलता फिरायचं. मी फिर म्हणणार नाही, थांब म्हणणार नाही, मी तिकडे पायरीवर बसणार.

पहिला महिना काय झालं ते सांगते. मुली विणत गेल्या, विणत गेल्या, वेणी खाली खाली येत गेली, दोऱ्या आखूड होत गेल्या, आणि शेवटी आठही मुली डोक्याला डोकं लावून पाइपाशी गच्च गोळा होऊन उभ्या राहिल्या. ओळ कुणी धरेना. सोळा डोळे माझ्याकडे. मी पायरीवर तोंड फिरवून बसलेली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकदा तर मधली सुट्टी संपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. शेवटी मीच हरायची आणि ओरडायची, “फिरा गं बायांनो, किती छळाल?”

दिवाळीनंतर मात्र एकदम जमू लागलं. एके दिवशी एकीनं ओळ धरली, दुसऱ्या दिवशी दुसरीनं, तिसऱ्या दिवशी तिसरीनं. मला आकाश ठेंगणं झालं. मी मोठ्या सरांना बोलावून दाखवलं, घरी नांदेडला पत्र लिहिलं. आणि पंधरा दिवसांनी मला एका वहीच्या मागच्या पानावर एक तक्ता सापडला. वार, तारीख, आणि त्यापुढे हजेरी नंबर. आज कुणी ओळ धरायची त्याच्या पाळ्या लावलेल्या होत्या, पाणी भरायच्या पाळ्या लावतात तशा. किती फेऱ्यांनंतर धरायची तेही लिहिलं होतं. अक्षर तिचं होतं.

मी संतापले. ते पान मी सगळ्यांसमोर टराटरा फाडलं. “तुम्हाला ठरवा म्हटलं तर तुम्ही पाळ्या लावता?”

ती खाली बघून म्हणाली, “तुमीच म्हणल्या ठरवा म्हणून. आमी ठरवलं की पाळ्या लावाव्यात.”

 घरी जाऊन भाकरी थापताना मला वाटू लागलं की पोरीनं सांगितलं ते बरोबर आहे, आणि भाकरी भाजून होईपर्यंत वाटू लागलं की साफ चूक आहे. पान फाडायला नको होतं एवढं नक्की. पण ते मी तिला कधी म्हणाले नाही.

त्या थंडीत तालुक्याच्या गावी शाळांच्या स्पर्धा होत्या. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून, वर फळ्या टाकून मंच केला होता. आमचा पाइप मधोमध बांधला. मुली सुरेख विणत होत्या. वेणी अर्ध्यावर आली, परीक्षकही सावरून बसले, आणि लाइट गेली म्हणून कुणीतरी ट्रॉलीला लागून ठेवलेला जनरेटर सुरू केला. मंचाच्या फळ्या थरथरू लागल्या. मला खाली बसल्या जागी ते कळलंही नाही, मला दिसलं ते एवढंच की नेहमीच्या निम्म्या फेऱ्या जेमतेम झालेल्या असताना तिनं ओळ धरली. मोठ्यानं, स्पष्ट. आठही मुली जागच्या जागी फिरल्या. एक पाऊल चुकलं नाही. वेणी उकलली, दोऱ्या सरळ लोंबू लागल्या, मुलींनी टिपऱ्या खाली ठेवल्या आणि एकामागून एक उतरून मोकळ्या मैदानात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे त्यांनी एकमेकींना मोजलं. आठ भरल्यावर मग त्या हलल्या.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. परीक्षकांना वाटलं कार्यक्रम अर्धवट सोडला. मोठे सर म्हणाले, “भित्र्या पोरी. नाक कापलं.” मी तिला बाजूला घेतलं.

“भ्यालीस का गं?”

“न्हाई.”

“मग?”

“हालून राहिलं होतं, बाई. मला वाटलं फिरावं.”

“तुला वाटलं?”

“हाव. मला वाटलं.”

मला रडू आलं. आनंदानं आलं की कशानं, ते ठाऊक नाही. ही पोर पहिल्यांदा ‘मला वाटलं’ म्हणाली होती, आणि तेही जनरेटरला भूकंप समजून. बाकीच्या सात जणी बक्षीस गेलं म्हणून आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. एकीनं ठरवलं की सातजणींचं जातं, हे माझ्या नियमात मी कुठे धरलंच नव्हतं. मी तिला शाबासकी द्यायला हवी होती की सातजणींची समजूत काढायला, यात मी असे चार दिवस घालवले की दोन्ही राहून गेलं.

दहावीला ती शाळेत पहिली आली. लातूरला तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. गल्लोगल्ली पाट्या, पाट्यांवर पास झालेल्या मुलांचे फोटो, आणि प्रत्येक जिन्याखाली सायकलींचा खच. आमच्या गावच्या चावडीवरसुद्धा माणसं पावसाऐवजी कुठला क्लास चांगला ते बोलायची. तिच्या वडिलांनीही मनावर घेतलं. पोरगी लातूरला जाणार, डॉक्टर होणार.

ती माझ्याकडे तीनदा आली. दर वेळी एकच प्रश्न, “बाई, मी लातूरला जाऊ का?” दर वेळी माझं एकच उत्तर, “तुझं तू ठरव.” मला माझा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांच्या शिकवण्याची हीच तर परीक्षा, असं मला वाटत होतं. तिसऱ्या वेळी ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “मला कळंना म्हणून तर इचारून राहिले, बाई. कळलं असतं तर इचारलं असतं का?”

तरीही मी काही सांगितलं नाही. लातूर कसं आहे, खोली कशी बघायची, तिथे मुलींना काय त्रास होतो, एवढं तरी सांगता आलं असतं. सल्ला आणि हुकूम यात फरक असतो, हे मला त्या वेळी सुचलं नाही. शेवटी वडिलांनी ठरवलं आणि ती गेली.

दीड महिन्यात ती परत आली, बॅग घेऊन, भर शुक्रवारी, कुणाला न सांगता. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची, आणि ही वही घेऊन तीन जिने उतरून रस्त्यावर येऊन बसायची. खोलीतल्या पोरी हसायच्या. वर्गात मागे पडली, आणि एक दिवस स्टँडवर जाऊन गावाच्या गाडीत बसली. हे सगळं मला वडिलांनी सांगितलं. ते शाळेच्या आवारात उभं राहून बोलत होते, आणि मुलं खिडकीतून बघत होती.

“बाई, तुमच्या त्या दोऱ्याच्या नाचानं घात केला. बाकी काय शिकवलं ठावं न्हाई, माघारी फिरायचं तेवढं लई चांगलं शिकवलं तुमी.”

 मूग गिळून बसणारी मी नव्हे, पण त्या दिवशी बसले.

“चार दिस झाले, धड बोलंना. नुस्ती इचार करून राहिली. तुमचंच आयकंल ती. तुमी सांगा तिला.” मग ते एकदम हळू आवाजात म्हणाले, “माझ्याकडं दुसरं काय हाय, बाई?”

त्यांचा तो आवाज मला रात्रभर पुरला. बरं, मी काय करायचं? गप्प बसले तेव्हा पोरगी बुडाली, आता बोलले तर माझंच म्हणणं मी खोटं पाडणार. गिरणीची थरथर कुणाला कळणार, ते तिला एकटीला कळतं; मग परत आली ते शहाणपण की भीती? स्पर्धेच्या वेळी मला जे कौतुकाचं वाटलं, तेच आता मला घोडचूक का वाटत होतं? मला काही कळेना, आणि कळेना म्हणून मी जास्त चिडत गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. मी डबा उघडून बसले होते. ती दाराशी येऊन उभी राहिली, केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. “बाई,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, आली पुन्हा विचारायला. मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

“काही बोलू नकोस,” मी म्हणाले. “बॅग भर आणि उद्याच्या पहिल्या गाडीनं परत जा. खोली बदल, तळमजल्यावर घे, मी चिठ्ठी देते. पण जायचं. ऐकलंस का? जा.”

 ती म्हणाली, “बरं बाई.” आणि गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं लातूरलाही गेली.

पुढचं सगळं सरळ झालं. बारावीला चांगले गुण पडले, दातांच्या कॉलेजला नंबर लागला. वडील पेढे आणि साडी घेऊन माझ्या घरी आले, वाकून नमस्कार करू लागले. “बाई, तुमी जा म्हणल्या म्हणून पोरगी शिकली,” असं ते बाजारात, एसटीत, भेटेल त्याला सांगत राहिले. साडी मी घेतली आणि नेसलेसुद्धा.

मग मला शिक्षकांच्या शिबिरांना बोलवू लागले. विषय ठरलेला, लोकनृत्यातून विद्यार्थ्यांचं स्वावलंबन. मी लातूरला बोलले, उदगीरला बोलले, निलंग्याला बोलले. प्रत्येक ठिकाणी या मुलीची गोष्ट सांगायची. समोर तरुण शिक्षक असले की सांगायची, गोफानं तिला निर्णय घ्यायला शिकवलं. म्हातारे मुख्याध्यापक असले की सांगायची, शेवटी गुरूचा एक शब्दच कामी येतो. दोन्ही ठिकाणी माना डोलायच्या. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, असं मला अधूनमधून वाटायचं, पण चहा आला की ते मागे पडायचं.

निवृत्त होऊन मी नांदेडला आले. एकदा दाढेनं जीव नकोसा केला, म्हणून शेजारणीनं सांगितलेल्या दवाखान्यात गेले. पाटीवर सासरचं आडनाव होतं, त्यामुळे मला काही कळलं नाही. खुर्चीत आडवी झाले, वर दिवा आला, आणि तोंडावर पट्टी बांधलेली डॉक्टरीण म्हणाली, “बाई, आ करा.” त्या ‘बाई’वरून मी ओळखलं. पण तोवर तिनं सुई टोचली होती.

तिचा हात हलका होता. दाढ कधी निघाली ते समजलं नाही. कापूस दाबून तिनं मला तोंड मिटायला सांगितलं, पट्टी काढली आणि स्टुलावर समोर बसली. वडील तिच्याकडेच असतात, एक मुलगा आहे, गुडघ्याचं दुखणं आहे म्हणाली. मुलाला नाही, वडिलांना. मी मानेनंच हो-हो करत होते. मग ती हात पुसत म्हणाली, “आबा अजून सांगतात सगळ्यांना, बाईंनी जा म्हटलं म्हणून पोरगी डॉक्टर झाली.”

मी मान खाली घातली. लाजले होते थोडी.

“मी त्या दिवशी इचारायला आले नव्हते, बाई,” ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता. “चार दिवस इचार केला होता. तळमजल्यावर खोली बघायची, अन् परत जायचं, हे माझं मी ठरवलं होतं. आबाला पण सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा तुमाला सांगायचं म्हणून आले होते. तुमी जा म्हणल्या, मग ते तुमचं झालं.”

मी तोंड उघडायला गेले. तिनं माझ्या हनुवटीखाली दोन बोटं लावून ते हळूच मिटवलं.

“अर्धा तास बोलायचं न्हाई,” ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला सांगितलं.